वजन उतरवायचे तर कॅलरी मोजाव्यात की नाही?

घंटाळीकर (धागाकर्ता)

डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवण्याची पद्धत, कीटो (कर्बोदके जवळपास बंद, स्निग्ध पदार्थ भरपूर), सोळा तासांचा उपवास, भात बंद, गहू बंद, अशा एकेका पद्धतीचे कडवे अनुयायी ठाण्यात आता प्रत्येक सोसायटीत भेटतात आणि आपली पद्धत कॅलरींच्या पलीकडची आहे, असे प्रत्येकाचे म्हणणे असते. माझे मत असे की, ज्या पद्धतीने वजन उतरते ती पोटात जाणाऱ्या कॅलरी कमी करते, म्हणूनच ते उतरते. दोनदाच जेवायचे आणि मधे काही तोंडात टाकायचे नाही असे ठरले की अकराचा चहा-बिस्किटे, चारचे फरसाण आणि स्टेशनबाहेरचा वडापाव आपोआप सुटतो. दर खाण्याला इन्शुलिन पाझरते आणि त्याने चरबी साठते, हा त्यामागचा सिद्धान्त खरा असो वा नसो, रोजचे पाचेकशे कॅलरींचे खाणे तेवढ्यानेच कमी होऊ शकते. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने कर्बोदके. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि दुसऱ्याचे ६ किलोंनी उतरले होते, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

तेव्हा मोजावे, पण पोळ्या मोजण्याआधी तेल मोजावे, कारण आपल्या स्वयंपाकात सर्वांत जास्त ऊर्जा त्यातूनच नकळत येते. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर ते साधारण ४,५५० ग्रॅम तेल झाले. ग्रॅममागे ९ कॅलरी धरल्या तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २,००० कॅलरींच्या आहारासाठी २७ ग्रॅम तेल-तूप सुचवले आहे. वरचे ११ ग्रॅम, म्हणजे रोजच्या शंभर कॅलरी, कुणाच्या जिभेलाही कळत नाहीत. डबा फोडला की त्यावर तारीख लिहावी, एवढाच माझा आग्रह आहे.

पामबीचवाला

घंटाळीकर, शरीरात ऊर्जा जास्त गेली तर ती साठते, याबद्दल माझा वाद नाही. वाद मोजण्याबद्दल आहे. आपण ज्या चाचणीचा दाखला दिलात, तिच्यात कोणत्याही गटाला कॅलरींची मर्यादा घालून दिलेली नव्हती. साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी रांधलेले खा, असे दोन्ही गटांना सांगितले गेले, आणि त्यांचे खाणे आपोआप कमी झाले. तुमचा पुरावा न मोजणाऱ्यांच्या बाजूने साक्ष देतो, हे गमतीचे आहे.

शिवाय आकडेही वाटतात तितके पक्के नसतात. कर्बोदकांना ४, प्रथिनांना ४ आणि स्निग्धांना ९ हे गुणक विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवले. ते सरासरीला ठीक आहेत, पण एकेका पदार्थाला लावले की घोटाळा होतो. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की २८ ग्रॅम बदामांतून शरीराला प्रत्यक्षात १२९ च्या आसपास कॅलरी मिळतात, वेष्टणावर मात्र १७० च्या घरातला आकडा असतो. आणि माणूस मोजतो तरी कसा? १९९२ मधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात, 'आम्ही मोजूनच खातो, तरी वजन उतरत नाही' असे सांगणाऱ्यांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त नोंदवल्याचे आढळले. ती माणसे खोटारडी होती असे मी म्हणत नाही. मूठभर शेंगदाणे आणि भाजीची चव बघणे कुणीच लिहीत नाही.

ऐरोलीची सुगरण

दोघांच्याही लिखाणात स्वयंपाक करणारी व्यक्ती कुठे दिसत नाही. घरातल्या एकाने कॅलरी मोजायला घेतल्या की कणकेचे गोळे वजनकाट्यावर कुणी ठेवायचे, भाजी रांधण्याआधी तोलायची की नंतर, त्याच्यासाठी फोडणी वेगळी करायची की मुलांनीही तीच भाजी खायची, हे सगळे ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर येते, आणि ॲपमध्ये आकडा भरणाऱ्याला मात्र आपण फार कष्ट घेतले असे वाटते. आमच्याकडे तेल चमच्याने नव्हे, पळीने पडते. फोडणीत मोहरी तडतडली पाहिजे म्हणून पळी तिरपी होते, कांदा तळाला लागू लागला की पुन्हा होते, आणि वांग्याची भाजी असेल तर तिसऱ्यांदाही होते. ती पळी काढून पाच मिलिलिटरचा चमचा ठेवला, तर एका चमच्याला चाळीस-पंचेचाळीस कॅलरी हा हिशेब मलाही जमतो. त्यापुढचे तोलणे ज्याला हवे त्याने स्वतः ओट्यापाशी उभे राहून करावे.

डब्याच्या हिशेबाबद्दलही एक शंका आहे. तळणीचे उरलेले तेल, पाहुणे आणि दिवाळीच्या चकल्या यांत डब्याचा बराच भाग जातो. माणशी ३४० हा आकडा कागदावर छान दिसतो, पण त्यातले कुणाच्या पोटात किती गेले हे डबा सांगत नाही.

घंटाळीकर

सुगरणताई, डबा एकेका माणसाचे सांगत नाही, पण घराचा कल सांगतो आणि कुणावर नवे काम लादत नाही. पामबीचवाला यांनी दिलेला १९९२ चा अभ्यास तर माझ्याच कामाचा आहे: वजन उतरत नव्हते ते चयापचय मंद होते म्हणून नव्हे, खाणे नोंदीबाहेर राहत होते म्हणून. कॅलरी निरुपयोगी आहेत, असा अर्थ त्यातून कसा निघतो?

चालण्याच्या बाबतीत तरी आकडा माहीत असायलाच हवा. ठाण्याच्या तलावपाळीला तासभर फेऱ्या मारून सत्तर किलोच्या माणसाच्या साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरी खर्च होतात. परत जाताना खाल्लेला एक वडापाव त्यांची फिटंफाट करतो, आणि वर मोठ्या भांड्यातली तळलेली मिरची फुकट मिळते ती निराळीच.

खोपटकर

एका बाबतीत मात्र मोजणाऱ्यांची फसगत ठरलेली असते. 'एक किलो म्हणजे ७,७०० कॅलरी' हे सूत्र मॅक्स विश्नोफ्स्की यांच्या १९५८ मधल्या लेखावरून रूढ झाले. त्यानुसार रोज ५०० कॅलरी कमी केल्या तर वर्षात तेवीस-चोवीस किलो उतरायला हवेत. तसे होत नाही, कारण वजन घटले की शरीराचा खर्चही घटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या गणितानुसार रोजच्या खाण्यात कायमची सुमारे २४ कॅलरींची घट झाली तर अखेरीस एक किलो उतरतो, आणि त्यातले अर्धे वजन पहिल्या वर्षात. म्हणजे ५०० च्या घटीने वर्षाला दहा किलोंच्या आसपास. सहाव्या महिन्यात काटा अडला की 'माझे शरीर वेगळे आहे' म्हणून सगळे सोडून देणारी माणसे मी पाहिली आहेत; त्यांच्या हाती चुकीचे सूत्र होते, एवढेच.

पामबीचवाला

हॉल यांचाच २०१९ मधला प्रयोग पाहा. वीस जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. पुढ्यात ठेवलेल्या जेवणातील कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू सारखे होते, आणि किती खायचे याची मोकळीक होती. पहिल्या प्रकारात माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि त्यांचे वजन ०.९ किलोने वाढले. दुसऱ्या प्रकारात तितकेच उतरले. भूक कुठे थांबते हे अन्नाचे रूप ठरवत असेल, तर माणसाला आकड्यांत गुंतवण्यापेक्षा घरातली वेफर्सची पाकिटे बंद करावीत.

घंटाळीकर

पाकिटे बंद करावीत, हे मान्य. पण त्या प्रयोगातही वजन वाढले ते जास्त खाल्लेल्या ५०० कॅलरींनी. आणि हे ५०० कळले कसे? संशोधकांनी ताटात उरलेले तोलले म्हणून. शिवाय घरच्या साजूक तुपातल्या पुरणपोळीला अतिप्रक्रियेचा नियम लागू होत नाही. तिथे मर्यादा कोण सांगणार?

नेरूळवासी

मर्यादा सांगताना कमरेचाही विचार व्हावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले आणि लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. त्याच बीएमआयला आपल्या शरीरात चरबी जास्त असते, म्हणूनच आपल्याकडे जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर ओढतात आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. नुसत्या कॅलरी कापल्या आणि ताटात डाळ, उसळ, अंडी, दही पुरेसे नसले, थोडेफार वजन उचलण्याचा व्यायामही नसला, तर चरबीबरोबर स्नायूही जास्त प्रमाणात जातात. काटा खाली येतो आणि धाग्यातले दोन्ही पक्ष आपलेच खरे झाले असे समजतात. वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही घरात असू द्यावी. ती बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता लावायची.