सोसायटी ग्रुप: गेटजवळच्या केळींना थंडी लागली

सकाळी ६:५२

श्रीदेवी काकू (बी विंग): सुप्रभात. फोटो टाकलेत, कृपया बघा. केळीची पानं कडेनं काळी पडलीत. क्रोटॉनच्या पानांचा तर खाली सडा पडलाय. थंडी वाढणार, झाडं झाका म्हणून परवाच ग्रुपवर लिहिलं होतं. एकानंही उत्तर दिलं नाही. ही झाडं माझ्या एकटीची आहेत का?

मल्लिनाथ अण्णा (ए विंग): खरंय काकू. रात्री वारं नव्हतं तरी लई कडक पडली की. गड्ड्याच्या जत्रेवरनं येईपर्यंत कान बधिर झाले.

पवार काका (सेक्रेटरी): सर्व सभासदांना नम्र सूचना. बागेसाठी टाकीचे पाणी वापरू नये. ठराव झालेला आहे.

श्रीदेवी काकू: काका, पाण्याचा विषय मी अजून काढलेलाच नाही.

पाटील सर (डी विंग): म्हणूनच म्हणलो होतो, कडुलिंब लावा. सोलापुरात केळी अन् ॲडेनियम कुणी सांगितलंय? त्या जागेत चार गाड्या बसल्या असत्या.

श्रीदेवी काकू: आला का पार्किंगचा विषय! सर, मे महिन्यात त्याच केळीच्या सावलीला तुमची स्कूटर असते.

समीर (सी विंग): ताई अमेरिकेत ह्यूस्टनला असते. २०२१ च्या फेब्रुवारीत तिकडं उणे दहापर्यंत गेलं होतं, त्यात लाईट पण गेलेली. २०२५ च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्सला २० सेंटिमीटर बर्फ पडलं. तिकडं पण आपल्यासारखीच केळी, जास्वंद, पाम असतात. ताईनं पाठवलंय ते जसंच्या तसं टाकतो 👇

समीर: फांद्यांवरचं बर्फ झाडूनं खालून वर हळूच उडवायचं, गोठलेली फांदी हलवली तर मोडते. बर्फ वितळवायला गरम पाणी ओतायचं नाही. पामचा मधला कोंब आधी गुंडाळायचा, तो मेला तर झाड गेलं. झाकणाच्या आत जुन्या पिवळ्या बल्बची माळ सोडायची, एलईडीची नको, ती तापत नाही. घरातला नळ रात्रभर थेंबथेंब चालू ठेवायचा.

मल्लिनाथ अण्णा: नळ रात्रभर चालू?? मालक, इथं चार दिवसाआड पाणी येतंय 😂

पवार काका: पुन्हा एकदा सूचना. बागेसाठी टाकीचे पाणी वापरू नये. ठराव झालेला आहे.

समीर: काका, ते पाइप फुटू नये म्हणून असतं. तिकडचं आहे.

पाटील सर: मग तिकडचं इकडं कशाला? सोलापुरात बर्फ फक्त उसाच्या रसात पडतो.

श्रीदेवी काकू: चेष्टा नका करू सर. पाच वर्षं वाढवलंय मी ते बेट. गणपतीला, सत्यनारायणाला खांब कुठून नेता सगळे?

इरफान भाई (सी विंग): काकू, आताच नर्सरीत पोचलो, फोटो बघितले. जरा सविस्तर लिहितो. ही झाडं मरायला बर्फ लागत नाही. केळी, पपई, क्रोटॉन, डिफेनबॅचिया, मनी प्लांट ही गरम मुलखातली. पारा १२ च्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, दहाच्या आसपास दोन-तीन रात्री काढल्या की पान आधी पाणी धरल्यासारखं दिसतं, मग काळं पडतं. जळगावकडचे शेतकरी याला चरका म्हणतात. पेपरात येतो तो आकडा माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरच्या, सावलीतल्या पेटीतला असतो. आभाळ साफ, वारा बंद अशा रात्री उघडं पान हवेपेक्षा दोन-चार अंश आणखी गार होतं. म्हणून भिंतीलगतचा कढीपत्ता ठीक आहे, आणि उघड्यावरची केळी गेली.

मल्लिनाथ अण्णा: बरोबर. भिंत दिवसभर तापती, रात्री ऊब सोडती.

संगीता (बी विंग): माझी निळी चादर दोरीवर नाही. कुणी घेतलीय का?

श्रीदेवी काकू: भाई, मग आज रात्री काय करायचं ते सांगा. उद्या पण अशीच थंडी आहे म्हणे.

इरफान भाई: झाकायचंच. पण खोडाला मिटलेल्या छत्रीसारखं आवळून बांधू नका. ऊब जमिनीतनं वर येते, ती अडवायची असते. चार बांबू रोवा, वरनं कापड टाका आणि ते चारी बाजूंनी जमिनीला टेकू द्या, कडेला विटा ठेवा. पानाला कापड चिकटू देऊ नका. प्लास्टिक तर नकोच, जिथं पानाला लागतं तिथंच पान करपतं, सकाळच्या उन्हात आत वाफ धरते ती वेगळीच. कापड जाड, हवा खेळणारं पाहिजे.

समीर: म्हणजे सोलापुरी चादर 💪

इरफान भाई: चेष्टा नाही, तीच बेस्ट. सुती, वजनदार, वाऱ्यानं उडत नाही. जुन्या असतील त्या द्या.

संगीता: जुन्या द्या. माझी नवी होती. माहेरच्यांनी संक्रांतीला दिलेली. परत विचारते, कुणी घेतलीय?

अमोल (डी विंग): ताई ती वॉचमनच्या केबिनवर दिसली मला. रात्री काकूंनी जास्वंदीवर टाकली होती ना?

श्रीदेवी काकू: मी माझी विटकरी टाकली होती. तीसुद्धा सकाळी जागेवर नव्हती, ते मी बोलले नाही.

संगीता: मी नाव घेतलं नव्हतं काकू.

पाटील सर: त्यापेक्षा शेकोटी करा. निफाडकडं द्राक्षवाले पहाटे बागेत करतात. मोकळ्या प्लॉटवर पाला पडलाय तेवढा, एकदाच साफ होईल.

जोशी आजोबा (ए विंग): शेकोटी करू नये. मला दमा आहे. दिवाळीतही सांगितले होते, कोणी ऐकले नाही. धूर थेट आमच्या बेडरूममध्ये येतो.

पाटील सर: आजोबा, एक रात्र खिडकी लावून घ्या की.

जोशी आजोबा: खिडकी कायम मीच लावायची का?

इरफान भाई: आजोबांचं बरोबर आहे. द्राक्षवाले एकरभर बागेत जागोजागी करतात, तेव्हा हवा थोडी हलते. आपल्या एवढ्याशा बागेत एक शेकोटी म्हणजे नुसता धूर, आणि जवळचं झाड भाजणार. द्राक्षवाले त्याच्या जोडीला पहाटे विहिरीचं पाणी सोडतात, खरा फायदा त्याचा. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते, कोरडी भुसभुशीत माती पटकन गार पडते. म्हणून दुपारी तीन-चारला बुंध्याला पाणी द्या. पानांवर मारू नका. आणि ॲडेनियमला एक थेंबही नको, त्याची गाठ कुजते. कुंड्या उचलून जिन्याखाली ठेवा.

पवार काका: पुन्हा नम्र सूचना. बागेसाठी टाकीचे पाणी

पवार काका: वापरू नये. ठराव झालेला आहे.

श्रीदेवी काकू: काका, ठराव मी वाचलाय. त्यावर माझी सही आहे. मग झाडं मरू द्यायची का, तेवढं स्पष्ट लिहा.

पवार काका: मॅडम, मी झाडांच्या विरोधात नाही. मागच्या उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोणी किती दिले याची यादी माझ्याकडे आहे. ती ग्रुपवर टाकायला लावू नका.

अमोल: टाका की काका. एकदा होऊनच जाऊ द्या.

मल्लिनाथ अण्णा: ओ थांबा सगळे. बोअर कशाला आहे मग? ते पाणी खारट, प्यायला कुणी घेत नाही, टाकीत पण जात नाही. त्याला वेगळा नळ बागेतच आहे.

इरफान भाई: अण्णा, लाख बोललात. बोअरचं पाणी आता थंडीत कोमट असतं, गच्चीवरच्या टाकीचं बर्फासारखं. झाडाला बोअरचंच चांगलं. रोज मारू नका फक्त, क्षार बसतात. या दोन-तीन दिवसांपुरतं ठीक.

पवार काका: बोअरला हरकत नाही. पण मोटर बंद आहे.

श्रीदेवी काकू: कधीपासून?

पवार काका: दसऱ्यापासून.

श्रीदेवी काकू: आणि हे आज कळतंय आम्हाला.

अमोल: कॅपॅसिटर गेला असेल. माझ्याकडं मल्टिमीटर आहे, जेवून खाली येतो.

दुपारी ४:२०

अमोल: कॅपॅसिटरच होता. आणून बसवला, मोटर चालू. केळी, क्रोटॉन, पाम, पपई झालं. ॲडेनियमच्या कुंड्या समीरनं आणि मी जिन्याखाली ठेवल्यात, कुणी हलवू नका.

जोशी आजोबा: जिना अडला आहे का?

समीर: नाही आजोबा, एका बाजूला ओळीनं आहेत. रेलिंगच्या बाजूनं मोकळं आहे.

संगीता: चादर मिळाली. वॉचमनच्या मुलीला थंडी वाजत होती म्हणून त्यांनी पांघरली. असू दे तिच्याकडंच. झाडांना माझ्याकडच्या दोन जुन्या देते.

श्रीदेवी काकू: संगीता 🙏 माझ्या तीन आहेत. अण्णांनी सहा दिल्या, फाटक्या आहेत पण जाड आहेत. बांबू मांडववाल्याकडून आणलेत, परत द्यायचेत, कापू नका कुणी.

पाटील सर: माझ्याकडनं चार विटा. आणि स्कूटर काढलीय तिथनं, बांबू रोवायला जागा करा.

श्रीदेवी काकू: आभारी आहे सर. भाई, काळी पानं आज काढून टाकू का? बघवत नाहीत.

इरफान भाई: अजिबात नको. ती मेलेली पानंच आतल्या पोग्याला, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानाला, आडोसा देतात. आत्ता छाटलं किंवा खत घातलं तर कोवळी फूट येईल आणि पुढच्या थंडीत तीच आधी जाईल. पाडव्याच्या सुमाराला छाटू, तोवर हात लावू नका. केळीचं वरचं सगळं गेलं तरी कंद जिवंत असतो, खालनं पिल्लं येतात. क्रोटॉनची फांदी नखानं खरवडून बघा, आत हिरवं असलं की झाड आहे.

श्रीदेवी काकू: खरवडलं. हिरवं आहे!! गेटकडची एक फांदी सोडून सगळीकडं.

मल्लिनाथ अण्णा: 👏👏

इरफान भाई: आणि सकाळी ऊन आलं की नऊच्या आत चादरी काढायच्या. दिवसभर ठेवल्या तर माती तापणार नाही, मग रात्री झाकून काही उपयोग नाही. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत परत टाकायच्या.

समीर: सकाळी मी काढतो. संध्याकाळी गड्ड्यावर दारूकाम बघायला जाणार आहे, तेव्हा दुसरं कुणीतरी बघा.

जोशी आजोबा: संध्याकाळी मी टाकतो. घरीच असतो.

पाटील सर: आजोबा, बांबूला हात पुरत नाही तुमचा. मी येतो बरोबर.

पवार काका: ठीक आहे. बोअरच्या नळाला कुलूप घालतो, किल्ली श्रीदेवी मॅडमकडे राहील. अमोल, कॅपॅसिटरचे बिल पाठवा, पक्के पाहिजे, साध्या कागदावरचे चालणार नाही.