मैत्रिणी मिळून हातकामाची सहल करायचीय, कुठं जावं आणि घरी सगळ्यांनी मिळून काय बनवावं?

जालनेकरीण

नमस्कार मंडळी, आम्ही पाच जणी मैत्रिणी, सगळ्या जालन्यातल्याच. दोघी शाळेत शिकवतात, एक बँकेत, एक घरी शिवणकाम करते न मी लॅबमध्ये. कॉलेजपासूनची दोस्ती आहे पण भेटलो की हॉटेलात जायचं, खायचं, फोटो काढायचे न आपापल्या घरी, एवढंच चालू होतं. यंदा दिवाळीच्या आधी एकीच्या गच्चीवर आकाशकंदील करायला बसलो. बुरूडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या, पतंगाचा कागद आणला, खळ घरीच शिजवली न बसलो. एक कामट्या तासायली, एक दोऱ्यानं सांधे बांधायली, दोघी कागद कापायल्या, न दुपारची संध्याकाळ कधी झाली कुणाला कळलंच नाही. ओला कागद सैल दिसतो पण खळ वाळली की असा ताणून बसतो की टिचकी मारली तर ढोलकीसारखा वाजतो, ते बघून आम्ही सगळ्या लेकरांसारख्या खूश!

पण मला खरं वेगळंच सांगायचंय. हात कामात असले न की बोलणं पण वेगळं निघतं. हॉटेलात समोरासमोर बसून जे कधी कुणी बोललं नसतं ते त्या दिवशी कामट्या बांधता बांधता बोललं गेलं. आमच्यातल्या एकीचं घरी लई अवघड चाललेलं होतं, आम्हाला पत्ता नव्हता. तेव्हापासून सगळ्या म्हणायल्यात की हे चालू ठेवायचं, सोडायचं नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे रविवारी सकाळी निघून रात्री घरी येता येईल अशा जागा सांगा जिथं हाताचं काम चालू असताना बसून बघता येतं, नुसतं दुकान नको. दुसरं म्हणजे घरी सगळ्यांनी मिळून एकच काम करायचं तर काय घ्यावं? अडचण अशी की आमच्यातली एक शिवणकामात पक्की आहे न दोघींनी सुई कधी धरलेली नाही, त्यामुळं प्रत्येकीनं आपापलं वेगळं केलं की एकीचं झकास होतं न बाकीच्या हिरमुसतात. खर्च पण बेताचा पाहिजे. एकीचं लेकरू लहान आहे, ते सोबत असणार.

गोदाकाठची

ताई पैठणला या, दुसरा विचारच करू नका. मी इथलीच आहे. सरकारी पैठणी केंद्र आहे तिथं माग चालू असतात न गावात पण विणकरांच्या घरी माग आहेत, नीट विचारून गेलं तर कुणी नाही म्हणत नाही.

फक्त एक करा, घाईनं फिरू नका. बहुतेक लोक येतात, एका मागाजवळ उभे राहून व्हिडिओ काढतात न साड्यांच्या दालनात जातात. तुम्ही एकाच मागाजवळ बसा, जिथं पदर चालू असेल तिथं. पदरात बांगडी मोर असला तर बघायला मजा येते, बांगडीच्या गोलात मोर बसवलेला असतो. त्यातल्या प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. विणकर एका रंगाचा धागा जिथवर पाहिजे तिथवर नेतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो न परत फिरवतो, मग पुढची कांडी. एका ओळीत अशा कितीतरी कांड्या, न ओळ पूर्ण झाली की कापड किती वाढलं, तर एका दोऱ्याएवढं! म्हणून तर पैठणी उलटी केली तरी नक्षी तशीच दिसते, मागं लोंबते धागे नसतात. हे एकदा डोळ्यानं बघितलं की किंमत ऐकून कुणी तोंड वाकडं करत नाही. साधी असली तर महिनाभर, पदर भरगच्च असला तर कित्येक महिने एक माणूस त्याच साडीवर बसून असतो.

साडी घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. पण विणकराच्या घरात तासभर बसलात तर रिकाम्या हातानं उठू नका, छोटी पर्स, बटवा काहीतरी घ्या, न घासाघीस करू नका. त्या तासात त्यांचं काम थांबलेलं असतं ओ.

नाथषष्ठीच्या दिवसात मात्र येऊ नका, म्हणजे दर्शनाला जरूर या पण माग बघायला नको, गावात पाय ठेवायला जागा नसते. एरवी नाथांची समाधी, जायकवाडीचं पाणी असं सगळं एका दिवसात होतं, लेकराला पण बरं वाटेल.

खुलताबाद_रोड

पैठण चांगलंच आहे पण तुम्हाला नुसतं बघायचं नसून हात घालायचाय असं दिसतंय, म्हणून कागजीपुरा सुचवतो. दौलताबादचा किल्ला ओलांडून खुलताबादकडं जाताना लागतो. हातानं कागद बनवणाऱ्यांचं गाव, नावच त्यावरून पडलंय. 1327 साली तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली तेव्हा कारागीर सोबत आले न ही कला इथं रुजली असं इथले लोक सांगतात.

सुती कापडाच्या चिंध्या भिजवून कुटून त्याचा लगदा करतात, तो लगदा हौदातल्या पाण्यात सोडायचा न जाळीची चौकट आत बुडवून आडवी वर उचलायची. पाणी गळून जातं न जाळीवर लगद्याचा पातळ थर राहतो, तो कापडावर उलटा करून दाबायचा न वाळवायचा. बघायला सोपं वाटतं, पण चौकट जराशी कलली की कागद एका बाजूला जाड न दुसरीकडं फाटका होतो. कारागिराच्या हाताकडं बघा, वर काढताना तो चौकट हलकीच पुढं-मागं न आजूबाजूला हलवतो, त्यानं तंतू सगळीकडं सारखे बसतात. अगोदर विचारून गेलात न हौदाजवळ कुणी मोकळं असलं तर तुम्हाला पण एखादी चौकट उचलू देतील, पण हट्ट धरू नका.

तिथून जाड कागद घेऊन या, घरी वह्या बांधता येतात, ते काम पाच जणींना मस्त आहे. घड्या घालणं, भोकं पाडणं, शिवणं, पुठ्ठा चढवणं, वाटून घेता येतं. अस्सल सुती कागद दुमडला तर तुटत नाही, हे घेताना बघा.

हिमरू, म्हणजे इथलं हातमागावरचं नक्षीचं कापड, बघायचा विचार असला तर छत्रपती संभाजीनगर शहरात त्याचे हातमाग अजून आहेत पण अगदी थोडे राहिलेत. सुती ताणा (उभे धागे) न रेशमी बाणा (आडवे धागे), शालीचं पोत हाताला कळतं. टुरिस्ट दुकानात हिमरू म्हणून जे विकतात त्यातलं बरंच बाहेरून आलेलं मशीनचं असतं, म्हणून माग दाखवतील तिथूनच घ्या.

आणि हो, वेरूळ जोडून करायचं असेल तर मंगळवारी लेण्या बंद असतात. रविवारी गर्दी असते पण उघडं असतं. सीताफळाचे दिवस असले तर दौलताबादच्या रस्त्यावर गाडी थांबवा.

वाकळवाली_काकू

बाई तुमचं वाचून लई बरं वाटलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे. गोधडी घ्या. आमच्याकडं वाकळ म्हणतात.

कामून म्हणते ते सांगते. वाकळ एकटीनं शिवायची गोष्टच नाही. आमच्या गावात उन्हाळ्यात शेतातली कामं सरली की दुपारी वाड्यात वाकळ अंथरली जायची न शेजारच्या पाच-सहा जणी चारी बाजूंनी बसायच्या. जिला नीट येतं ती काठाला, जिला येत नाही ती पण बसायची, कारण धावदोरा घालायला शिकावं लागतच नाही, चार टाके घातले की हात बसतो. तुम्ही म्हणता एकीचं झकास होतं न दुसरीचं नाही, तर वाकळीत ते होत नाही. कुणाचा टाका लहान, कुणाचा मोठा, पण अख्खी वाकळ झाली की तेच तिचं रूप होऊन जातं. माझ्या सासूबाईंच्या वेळची वाकळ आहे माझ्याकडं, त्यात कुठल्या बाजूला कोण बसलं होतं ते टाक्यावरून मी अजून सांगते.

आता कशी करायची ते. जुनी सुती लुगडी घ्या, नऊवारी मिळाली तर सोनंच, नाही तर सुती साड्या. सिंथेटिक अजिबात नको, ते सरकतं न सुईला पण झोंबतं. प्रत्येकीनं आपल्या घरातली, आईची आजीची एक एक साडी आणा. धुवून कांजी सगळी काढून टाका, नाहीतर सुई जाता जात नाही. खालचा वरचा थर अख्ख्या साडीचा, मधले थर फाटक्या तुकड्यांचे चालतात, पण तुकडे एकावर एक चढू देऊ नका, तिथं गाठीसारखं होतं न टोचतं. जमिनीवर अंथरून चारी कोपऱ्यांवर पाट नाहीतर वरवंटा ठेवा, हातानं सुरकुत्या बाहेर सारा, मग मधून काठाकडं मोठा कच्चा टाका घालून घ्या. हे नीट झालं की अर्धं काम झालं. काठ आत दुमडून पक्का करा न मग काठापासून आत, चौकोनात फिरत फिरत धावदोरा. दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा दुहेरी, सुई लांब न जाड, बोटाला अंगुस्तान पाहिजेच नाहीतर दुसऱ्या दिवशी भाकरी थापता येणार नाही.

काठापासून आत जायचं याचं कारण हे की सगळ्याजणी एकाच वेळी आपापल्या बाजूला बसू शकतात. न मध्याकडं येता येता एकमेकीजवळ सरकत येता.

पहिली वाकळ लहान करा, लेकराच्या दुपट्याएवढी. ते लहान लेकरू आहे ना तुमच्यात, त्याच्यासाठीच करा. मऊ मलमल नाहीतर लई धुतलेलं लुगडं वरून लावा.

किनवटकर

काकूंनी सांगितलंय ते सोळा आणे खरं. त्यात एक जोडतो. वाकळीच्या कोपऱ्यावर न मधल्या चौकोनावर काही नक्षी पाहिजे असेल तर आमच्याकडच्या तांड्यावरचं बंजारा भरतकाम शिका. आमच्या भागात म्हाताऱ्या बाया अजून फेटिया-कांचळी (घागरा न चोळी) घालतात न 15 फेब्रुवारीला बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराजांच्या जयंतीला तर तरण्या पोरी पण घालतात, तेव्हा या न बघा, कवड्या, आरसे, रंगीत दोरा, एका कांचळीवर किती काम असतं ते.

आरसा बसवणं जमतं ओ, अवघड नाही. आरशाला भोक नसतं, म्हणून आधी आरशावरून दोन धागे उभे न दोन आडवे टाकून चौकट करायची, आडवे धागे उभ्यांना वेढा देऊन घट्ट ओढायचे. परत तसंच तिरकं. मग त्या धाग्यांत सुई अडकवत न कापडात टाका घेत गोल फिरायचं की कडेनं वेणीसारखी किनार तयार होते न आरसा धरला जातो. पहिली चौकट सैल राहिली तर आरसा निसटतोच, सगळा जोर तिथं. लेकराच्या दुपट्याला मात्र आरसा, कवडी काहीच लावू नका, तोंडात घालतं लेकरू.

विनंती एकच. तांड्यावर शिकायला गेलात तर शिकवणाऱ्या बाईला तिच्या दिवसाची मजुरी द्या. जुनी कांचळी शंभर-दोनशेत मागून आणणारे लई लोक येतात न शहरात नेऊन दामदुपटीनं विकतात, त्यानं वाईट वाटतं.

तिळगूळ

सगळ्यांचं छान आहे पण वाकळ म्हणजे महिनोन्महिन्याचं काम, नोकरीवाल्या बायांना मधेच खंड पडला की ती कपाटात जाऊन बसते. मला वाटतं आधी असं काहीतरी घ्या ज्याला तारीख असते. संक्रांत जवळ आलीय, हलव्याचे दागिने करा! लहान लेकरू आहे म्हणता, त्याचं बोरन्हाण झालंय का? नसलं तर ठरलंच. मुकुट, बाजूबंद, हार, मुलगा असला तर बासरी.

हलवा विकतचा घ्या, घरी करायचा म्हणजे मंद आचेवर चमचा चमचा पाक घालत तासन्‌तास हलवत बसावं लागतं तेव्हा दाण्याला काटा येतो, ते पुढच्या वर्षी. दाणे निवडताना एकसारखे निवडा, कानातल्याला बारीक, हाराला टपोरे. प्रत्येक दाण्याच्या कमरेला दोऱ्याचा वेढा देऊन गाठ, मग पुढचा दाणा. गाठ ओढताना जोर लावला तर दाणा फुटतो, म्हणून दोरा बोटाला गुंडाळून हळू ओढायचा. पुठ्ठ्यावर आधी काळं कापड लावा, पांढरा हलवा त्यावर उठून दिसतो. न झालं की लगेच हवाबंद डब्यात, ओल लागली की चिकट होतं सगळं.

जालनेकरीण

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय, ग्रुपवर वाचून दाखवलं तर सगळ्या खूश झाल्या. बोरन्हाण व्हायचंच आहे त्या लेकराचं! तिळगूळ ताई, तुमचं म्हणणं पटलं, आधी हलव्याचे दागिने. संक्रांत झाल्यावर एका रविवारी पैठण, न कागजीपुऱ्याला वेगळं जाऊ, एकाच दिवशी दोन्ही केलं तर पळापळ होईल न गोदाकाठची ताई म्हणतात तसं बसणं होणार नाही. वाकळ उन्हाळ्यात, शाळेला सुट्या लागल्यावर.

काकू एकच विचारते, आमच्यातल्या जिच्या घरी अवघड चाललंय म्हणलं ना, तिच्या आई गेल्या वर्षी वारल्या. त्यांची लुगडी ती आणते म्हणायलीय पण कापायला तिचा जीव होत नाही. काय करावं?

वाकळवाली_काकू

कापायचं कामच नाही बाई. आईचं लुगडं अख्खंच ठेवा, घडी घालून खालचा थर करा न काठ पदर जसाच्या तसा राहू द्या. बाकीच्या थरांना तुमच्या चौघींच्या साड्या. न ही वाकळ तिलाच द्या, दुपट्याएवढी नको, पांघरायला पुरेल एवढी मोठी करा. लेकराची नंतर होईल. सुट्या लागल्या की मला इथंच लिहा, अंबडला माझी लेक दिली आहे, मी तिकडं आले की येऊन बसते तुमच्यात एक दुपार.