विद्यापीठ ग्रंथालय आणि विभाग: पत्रांना उत्तरच येत नाही, काय करावं?

प्रश्न – नवी_सहायक_ग्रंथपाल

नमस्कार. एका राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात रुजू होऊन मला आठ महिने झाले. भाषा आणि सामाजिक शास्त्रं मिळून सात विभाग माझ्याकडे आहेत. त्यांच्याकडून पुस्तकांच्या मागण्या घ्यायच्या, ई-नियतकालिकांची माहिती द्यायची आणि पीएच.डी.च्या कोर्सवर्कला तास घ्यायचे, असं काम आहे.

ऑगस्टमध्ये सातही विभागप्रमुखांना पत्रं पाठवली. दोनच याद्या आल्या, त्यातली एक गेल्या वर्षीचीच, फक्त तारीख बदललेली. सरकारी उच्चशिक्षण संस्थांना ई-नियतकालिकं मिळवून देणाऱ्या केंद्राच्या 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेच्या प्रशिक्षणासाठी साठ खुर्च्या मांडल्या, अकरा जण आले. एका विभागात तर ऐकावं लागलं, "मॅडम, तुम्ही पुस्तकं सांभाळा, संशोधन आमचं आम्ही बघतो." फार लागलं ते. मला हे काम मनापासून करायचं आहे. विभागांपर्यंत पोचायचं कसं?

उत्तर १ – भूगोलाचा_मास्तर

मी शिक्षक आहे, म्हणून आमची बाजू सांगतो. ऑगस्टमध्ये आम्ही प्रवेश आणि वेळापत्रकात बुडालेलो असतो. पत्र शिपायाकडून येतं, सही होते, फाइलला लागतं. त्यापेक्षा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाची बैठक कधी आहे ते विचारून ठेवा. २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रम बदलले, तेव्हा आम्ही घाईघाईत संदर्भग्रंथांच्या याद्या जोडल्या. त्यातली काही पुस्तकं बाजारात मिळतच नाहीत, हे मुलांनी सांगितल्यावर कळलं. मसुदा मंजूर होण्याआधी कोणी ग्रंथालयातून येऊन सांगितलं असतं की ही चार आपल्याकडे आहेत, ही दोन आता छापली जात नाहीत, तर मी त्या माणसाला शेजारी खुर्ची दिली असती.

उत्तर २ – निवृत्त_ग्रंथपाल

३१ वर्षं याच कामात होते, २०१९ ला निवृत्त झाले. पत्राला उत्तर मलाही क्वचितच आलं. माझी सुरुवात झाली ती देवघेवीच्या काउंटरवर ठेवलेल्या एका दोनशेपानी वहीपासून. जो कोणी रिकाम्या हातानं परत जाईल, त्याचा विभाग आणि त्यानं काय मागितलं होतं, एवढंच लिहायचं.

दोन महिन्यांत समाजशास्त्राच्या नऊ नोंदी झाल्या, त्यातल्या सहा दलित आत्मकथनांच्या. पुस्तकं आमच्याकडे होती! पण ती ८९१.४६ या वर्गांकाला, म्हणजे मराठी साहित्याच्या कपाटांत, वरच्या मजल्यावर. समाजशास्त्राची मुलं खाली ३०० च्या, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या रांगेत शोधून निघून जात. मी वर्गांक बदलले नाहीत. तालिकेत (कॅटलॉगमध्ये) विषयशीर्षकं वाढवली, चाळीसेक पुस्तकांची यादी केली आणि ती घेऊन स्वतः विभागात गेले. मॅडमनी यादी उभ्याउभ्याच वाचली, माझ्या नजरेतून सुटलेली दोन नावं पेन्सिलीनं खाली लिहिली आणि मग म्हणाल्या, बसा. पुढच्या सत्रापासून कोर्सवर्कचा तास त्यांनीच मागून घेतला.

मराठी विभागाशी सूत जुळलं ते फॉन्टमुळे. प्रबंधाची सॉफ्ट कॉपी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवायची म्हणून ग्रंथालयात येते, त्याआधी वाङ्मयचौर्याची तपासणीही आमच्याकडेच होत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. एका मुलीच्या प्रबंधाचा अहवाल शून्य टक्के आला. ती खूश, मी अस्वस्थ. प्रबंध जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला. पडद्यावर मराठी दिसत असली तरी सॉफ्टवेअरच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी होती, मग साम्य सापडणार कुठून? त्याहून वाईट हे, की असा प्रबंध शोधगंगेवर गेला तरी त्यातला एक मराठी शब्दही कोणाला शोधून सापडणार नाही. पाच वर्षांची मेहनत आणि ती जणू कुलपात.

हे मी विभागात लॅपटॉपवर दाखवलं. एकच परिच्छेद दोन्ही फॉन्टमध्ये, शोधाच्या चौकटीत एकच शब्द. सगळे गप्प झाले. सरांनी त्याच आठवड्यात सूचना लावली की पहिलं प्रकरण युनिकोडमध्येच द्यायचं. पण मुलं टाइप करून घेतात ती फाटकाबाहेरच्या टायपिंगवाल्यांकडून, म्हणून मी तिकडेही गेले. फॉन्ट बदलून घेताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडतात, तेवढं नीट तपासून द्या, अशी त्यांना विनंती केली. त्यातले दोघं पुढे अडलं की मलाच फोन करायचे. हे कुठल्याच कामाच्या यादीत बसत नाही, पण माझ्या मते ग्रंथपालाचं खरं काम हेच.

'पुस्तकं सांभाळा' म्हणणारे सर मलाही भेटले होते. वाद घातला नाही. पुढे त्यांना १९३७ च्या आधीची अर्थशास्त्रावरची मराठी पुस्तकं हवी होती. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीचा १८०० ते १९३७ चा खंड काढून ठेवला आणि संदर्भग्रंथ बाहेर देता येत नाही म्हणून त्यांनाच बोलावलं. तीन दुपारी ते माझ्या टेबलापाशी बसले होते.

आणि ते प्रशिक्षण. १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली, ही मोठीच गोष्ट आहे. पण इतिहासाच्या माणसाला १३,००० या आकड्याचं काय? त्याच्या विषयातली पाच शोधून ठेवा, त्याच्या खोलीत जा आणि त्याच्याच संगणकावर उघडून द्या. घरून कसं वाचायचं तेही तिथंच बसून करून द्या, कारण शिक्षक वाचतात ते रात्री, घरी. अकरा आले ना? त्या अकरा जणांची नावं आहेत का तुमच्याकडे?

नवी_सहायक_ग्रंथपाल

बाई, हे दोनदा वाचलं. अकराही नावं हजेरीपत्रकावर आहेत, चार जण तर राज्यशास्त्राचेच. वही आजच काउंटरवर ठेवली. पहिली नोंद दुपारीच झाली: भाषाशास्त्राचा विद्यार्थी, अहिराणीचा शब्दकोश. आमच्याकडे नाही. सर, अभ्यास मंडळाच्या तारखा कोणाकडे मिळतात?

भूगोलाचा_मास्तर

विद्यापीठाच्या शैक्षणिक विभागातून. पण मंडळाच्या अध्यक्षांना थेट विचाराल तर मसुदाही हाती पडेल.

तिसऱ्या_वर्षाचा_संशोधक

मी पीएच.डी. करतोय, एक विनंती. कोर्सवर्कचा तास पहिल्या महिन्यात घेता, तेव्हा आमचा विषयही ठरलेला नसतो, कळत काहीच नाही. आराखडा सादर करायच्या आधी पुन्हा अर्धा तास द्या, एकेकाला. माझे संदर्भ लावण्यात अख्खी दिवाळीची सुट्टी गेली, एकाच लेखकाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं.

निवृत्त_ग्रंथपाल

याचं ऐका, हे माझ्याही फार उशिरा लक्षात आलं. आणि अहिराणीच्या त्या मुलाला 'नाही' सांगून सोडू नका. खानदेशातल्या महाविद्यालयांच्या ग्रंथपालांना फोन करा, कोणाकडे ना कोणाकडे असेल. तोवर त्याचा फोन नंबर वहीत घेऊन ठेवा.