एकांकिकेचा व्हिडिओ आणि खाली छापलेली अक्षरं

सेक्रेटरी: नमस्कार. गणपतीतल्या एकांकिकेचा व्हिडिओ कोजागरीला गच्चीवर दाखवायचाय. ज्येष्ठांना ऐकू कमी येतं म्हणून खाली मराठी सबटायटल टाकलीत. चुका असतील तर आजच कळवा.

जोशी काकू: चुका? माझं नाव प्रमिला. खाली आलंय प्रेमिका!

समीर (सी विंग): काका, पार्टी 😄

जोशी काका: मला यात ओढू नका. व्हीएलसी प्लेयरमध्ये सबटायटल बंद करून पाहिली, जागची हलत नाहीत.

निखिल: काका, अक्षरं वेगळ्या ट्रॅकवर असली तरच ती बंद होतात. एमकेव्ही फाइलमध्ये असतात तशी, नाहीतर शेजारी वेगळी एसआरटी फाइल असते तशी. एसआरटी नोटपॅडमध्येही उघडते: वर आकडा, मग वेळ, खाली वाक्य. शब्द बदला, सेव्ह करा, विषय संपला. आपल्याकडे अक्षरं चित्रातच छापली गेलीत, हार्डसब म्हणतात त्याला. काकूंच्या साडीचा जो काठ अक्षरांखाली गेला, तो आता त्या फाइलमध्ये कुठेच नाही.

फडके: पण एआयवाले एका क्लिकमध्ये काढतात की. मी स्वतः बघितलंय.

निखिल: काढत नाहीत हो, आजूबाजूचं बघून मागे काय असेल ते अंदाजाने भरतात. मागे साधा पडदा असेल तर कळतही नाही. पण आपल्या कोळीनृत्यात अक्षरं बरोबर पोरींच्या पायांवर आलीत. तिथे पावलांचा लगदा होईल, तोही हलता. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये डीलोगो नावाचा फुकट फिल्टर आहे, तो चौकोनाच्या कडेचे रंग आत पसरवतो. कोपऱ्यातल्या छोट्या लोगोला ठीक. दोन ओळींवर लावला तर धुरकट ठिगळ दिसतं.

शिंदे: एवढं कशाला? खालची पट्टी कापून टाका.

वैशालीताई: शिंदे, दीड महिना पावलं बसवून घेतलीत मी. गुडघ्यापासून वरचं कोळीनृत्य दाखवायचं का?

सेक्रेटरी: मध्येच सांगतो, टँकर ५ वाजता येतोय. बी विंगसमोरच्या गाड्या हलवा.

निखिल: मुळात एडिट कोणी केलं? ॲपमधला प्रोजेक्ट शिल्लक असेल तर ही सगळी चर्चाच नको. त्यात कॅप्शन वेगळी असतात, बदलून परत एक्सपोर्ट करायचं.

ओंकार: मी केलं दादा. पण तो फोन एक्स्चेंजमध्ये गेला. कच्च्या क्लिपाही त्यातच होत्या.

निखिल: बरं. मग पुसायचा नादच सोडू. नाहीतरी त्याच जागी बरोबर ओळ यायचीच आहे. चुकलेली ओळ दिसते तेवढ्या सेकंदांपुरती तिच्यावर काळी पट्टी, पट्टीवर नवी ओळ. पट्टी पूर्ण काळीच हवी, अर्धवट पारदर्शक ठेवली की जुनी अक्षरं खालून डोकावतात. नाचावर मात्र पट्टी नको. गाण्याचे शब्द चुकलेत, पण ते सगळ्यांना पाठ आहेत.

वैशालीताई: देव तुझं भलं करो.

फडके: मग घे की ग्रुपवरचीच फाइल.

निखिल: ती नको, व्हॉट्सॲपने आधीच दाबलेली आहे. पट्टी लावली की चित्र पुन्हा एन्कोड होणार, म्हणजे नव्याने दाबून सेव्ह होणार आणि दर्जा अजून थोडा उतरणार. आवाज जसाच्या तसा कॉपी करता येतो, त्याची काळजी नाही. ओंकार, मूळ एक्सपोर्ट कुठे ठेवलंयस का? असेल तर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. २ जीबीपर्यंत जातं.

ओंकार: ड्राइव्हवर आहे. ६०० एमबी. रात्री पाठवतो.

निखिल: आणि चुकीच्या ओळींच्या वेळा मला वेगळ्या पाठवा, ग्रुपवर नको. मिनिट आणि सेकंद दोन्ही लिहा. "नाचाच्या थोडं आधी" चालणार नाही.

जोशी काकू: माझी इथेच घे. १२ मिनिटं ४० सेकंद. शेवटच्या नामावलीत परत तेच आहे.

जोशी काका: नामावलीतलं राहू दे.

जोशी काकू: तुम्ही आधी गाडी हलवा.