क्ष → −∞ ची लिमिट चुकतेय. आणि असे प्रश्न ऑनलाइन विचारायचे कसे?

परवलय:
क्ष → −∞ असताना √(क्ष² + ४क्ष) + क्ष ची लिमिट काढायची आहे. पुस्तकामागचं उत्तर −२. मी कॉन्जुगेटने (मधलं चिन्ह उलट केलेल्या राशीने, √(क्ष² + ४क्ष) − क्ष ने) वर-खाली गुणलं आणि इथवर आलो:

४क्ष / [√(क्ष² + ४क्ष) − क्ष]

मग वर-खाली क्ष ने भागलं. अंशात ४, छेदात √(१ + ४/क्ष) − १, म्हणजे शून्य. लिमिट अनंताकडे पळतेय. ऑनलाइन सॉल्व्हर −२ देतो, पण माझी चूक कुठे ते त्यातून कळत नाही. एके ठिकाणी प्रश्नाचा नुसता फोटो टाकला, तिथे उत्तरच आलं नाही. चूक कोणत्या ओळीत आहे?

स्पर्शिका:
कॉन्जुगेटपर्यंत सगळं बरोबर आहे. चूक क्ष ने भागताना झाली. √(क्ष²) म्हणजे क्ष नव्हे, |क्ष|. इथे क्ष ऋण आहे, म्हणून |क्ष| = −क्ष. वर्गमूळातून क्ष बाहेर काढताना उणे चिन्ह सोबत यायलाच हवं:

√(क्ष² + ४क्ष) = −क्ष·√(१ + ४/क्ष)

आता छेद −क्ष[√(१ + ४/क्ष) + १] असा होतो. क्ष कटतो, उरतं −४ / [√(१ + ४/क्ष) + १], म्हणजे −४/२ = −२.

चिन्हाचा घोळ मुळातच टाळायचा असेल तर सुरुवातीलाच क्ष = −ट ठेवा, ट → +∞. राशी √(ट² − ४ट) − ट होते, ट धन असल्याने √(ट²) = ट बिनधास्त लिहिता येतं. उणे अनंत आणि वर्गमूळ एकत्र दिसले की मी हाच मार्ग सुचवेन.

पडताळा कॅल्क्युलेटरवर घ्या. क्ष = −१०० ला √९६०० − १०० ≈ −२.०२ आणि क्ष = −१००० ला सुमारे −२.००२. अनंत उत्तर चुकीचं आहे हे एवढ्यावरून लगेच दिसतं.

परवलय:
समजलं, धन्यवाद. मग कॉन्जुगेटनंतर लोपितालचा नियम (अंश आणि छेद यांचं वेगवेगळं विकलन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, घेऊन लिमिट काढणं) लावला तर हा घोळ टळेल का?

स्पर्शिका:
नियम लागू होतो, कारण अंश −∞ कडे आणि छेद +∞ कडे जातो. पण घोळ टळत नाही. विकलन केल्यावर अंश ४ आणि छेद (क्ष + २)/√(क्ष² + ४क्ष) − १. त्यातल्या (क्ष + २)/√(क्ष² + ४क्ष) ची लिमिट −१ आहे; तिथे पुन्हा √(क्ष²) = क्ष धरलं की +१ येईल आणि छेद परत शून्य.

आणखी एक. (साइन क्ष)/क्ष ची लिमिट सिद्ध करायला सांगितली असेल तर लोपिताल वापरू नका. साइनचा डेरिव्हेटिव्ह काढताना सहसा हीच लिमिट गृहीत धरलेली असते, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच वापरल्यासारखं होतं.

शेषपद:
सॉल्व्हरबद्दल. त्यात टाकलेला प्रश्न आणि वहीतला प्रश्न एकच आहे ना, हे आधी बघा. वूल्फ्रम अल्फा किंवा तत्सम ठिकाणी तुमची ओळ कशी वाचली गेली ते वर छापून येतं. उत्तराआधी ते वाचा. १/२क्ष लिहिलं तर क्ष छेदात की बाहेर, हे यंत्र स्वतः ठरवतं. कंस घालून १/(२क्ष) किंवा (१/२)क्ष लिहा.

लॉगचंही तसंच. वूल्फ्रम अल्फा नुसत्या लॉगचा आधार ई धरतो, डेसमॉस हा ऑनलाइन आलेख-कॅल्क्युलेटर १० धरतो. त्यामुळे दोन्हीकडे वेगळे आकडे आले म्हणून गणित चुकलं असं नाही. आणि (−८)^(१/३) ला वूल्फ्रम −२ ऐवजी मुख्य मूळ, म्हणजे १ + √३·आय ही संमिश्र संख्या देऊ शकतो. तिथे घनमूळ असं स्पष्ट मागा. त्रिकोणमितीत मोड रेडियनवर हवा. डिग्रीत साइन क्ष चा चढ शून्यापाशी १ ऐवजी π/१८० ≈ ०.०१७ येतो आणि डेरिव्हेटिव्हची सगळी सूत्रं बिनसतात.

इंटिग्रेशनमध्ये उत्तर वेगळं दिसलं तरी घाबरू नका. २·साइन क्ष·कॉस क्ष चं उत्तर साइन²क्ष, −कॉस²क्ष आणि −½·कॉस २क्ष, तिन्ही बरोबर. पहिल्या दोघांत १ चा फरक आहे, पहिल्या-तिसऱ्यात ½ चा. तो स्थिरांकात जातो. शंका असेल तर दोन्ही उत्तरांची वजाबाकी करून विकलन करा, शून्य यायला हवं.

छेदिका:
फोटोला उत्तर का आलं नाही, तर फोटोतलं शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, आणि तुम्ही कुठे अडलात ते त्यात दिसत नाही. मॅथ स्टॅक एक्सचेंज या गणिताच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर स्वतःचा प्रयत्न किंवा संदर्भ न देता टाकलेले गृहपाठाचे प्रश्न बंद केले जातात. इथे तुम्ही लिहिलंत तसंच लिहा: मूळ प्रश्न शब्दशः, क्ष कुठे जातो, तुमची प्रत्येक ओळ, अपेक्षित उत्तर. शिवाय अजून काय शिकवलेलं नाही तेही सांगा, नाहीतर अकरावीच्या प्रश्नाला कुणी टेलर श्रेणीने उत्तर देईल आणि ते बरोबर असूनही तुम्हाला वहीत लिहिता येणार नाही.

शीर्षकात ‘लिमिट मदत हवी’ नको. राशीच लिहा. माहीतगार माणूस शीर्षक वाचूनच धागा उघडायचा की नाही ते ठरवतो.