साक्ष देताना तुम्ही नेमकं काय सांगता? अनुभव धागा

आमच्या नगरकडे चर्चच्या उपासनेत पाळकसाहेब विचारतात, कोणाला साक्ष द्यायचीय का, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचंय का, की ठरलेली तीनचार माणसंच उठतात आणि बाकीचे गीतांचं पुस्तक चाळत बसतात. मी पहिल्यांदा उठलो तेव्हा १९ वर्षांचा होतो, घरगुती प्रार्थना सभा होती, आणि मी सगळी ऐकलेलीच वाक्यं बोललो, पापाच्या चिखलात रुतलो होतो वगैरे. सभा झाल्यावर आजी म्हणाली, "चांगलं बोललास बाळा, पण त्यात तुझं काय होतं?" ते अजून मनात आहे.

माझं खरं असं, की शेताच्या बांधावरून चुलतभावाशी सात वर्षं बोलणं बंद होतं. एका प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या दिवशी, बायबलमधलं मत्तय ५ वाचलं गेलं, अर्पण वेदीपाशीच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, आणि मला ती भाकर घेववेना. तसाच उठलो, गाडी काढली, त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो, काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. वहिनीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत गेली, तो खाटेवर बसून नुसता बघत होता, बऱ्याच वेळाने म्हणाला, "बस की." एवढंच. बांधाचा वाद मिटला नाही, पण दिवाळीला त्याची पोरं आमच्याकडे आली. ही साक्ष सांगितली त्या दिवशी दोघंजण मला चर्चबाहेर गाठून आपापल्या भावांबद्दल बोलले. तुमची लिहा. छोटी असली तरी चालेल.

मिरजेकडची नर्स

३० वर्षं वॉर्डात काढली. मी पेशंटला आपणहून कधीच साक्ष सांगत नाही आणि हे मी नवीन मुलींना पण सांगते, कारण तो खाटेवर पडलेला असतो, त्याला उठून जाता येत नाही आणि औषध आपल्याच हातात असतं, म्हणजे तो नाही म्हणूच शकत नाही. बायबलमध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात आहे ना, आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने. विचारलं तर! एकदा रात्री दोनला एका आजींनी विचारलं, बाई तुम्ही वैतागत कशा नाही हो. मग मी स्टूल ओढून बसले आणि माझं पहिलं बाळ गेलं तेव्हाचं सगळं सांगितलं, कोणाला धरून उभी राहिले ते पण. त्यांनी माझा हात धरून ठेवला, सलाईन लावलेल्या हातानेच. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दीक्षा घेऊन ख्रिस्ती होणं, वगैरे काही विषय निघाला नाही, निघायची गरजही नव्हती.

पुणे, घरात मी एकटाच ख्रिस्ती

मी येशूला मानतो हे आईला दिवाळीच्या दिवशी सांगितलं, अख्खं घर भरलेलं असताना, आणि वर देव्हाऱ्याबद्दलही बोललो. ती चूक माझी. आई करंज्या तळत होती, तिने गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत गेली, पुढे वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलली. त्या काळात मला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राने धीर दिला. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० साली, मधली पाच वर्षं त्या माउलीने काय काय सोसलं ते तिने स्वतःच लिहून ठेवलंय. आपण तो बाप्तिस्मा एका ओळीत सांगतो, घरातल्या माणसाला मात्र तो रोज उठून जगावा लागतो हे मला ते वाचून कळलं. आता मी आईला काही पटवायला जात नाही. तिच्या गुडघ्याला रोज तेल लावतो, आणि परवा तीच म्हणाली, "तुझ्या त्या येशूला माझ्या गुडघ्याचं सांग."

वसई

आमच्याकडे कॅथलिकांत उठून साक्ष द्यायची तशी पद्धत नाही, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), रोझरी (जपमाळेची प्रार्थना), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) यातच सगळं येतं. रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थना शिबिरात, पहिल्यांदा माईक हातात आला तेव्हा पुस्तकी मराठीत सुरू केलं आणि काही सुचेना. मग आमच्या सामवेदी बोलीत बोलले, बाबांची दारू कशी सुटली, आई रात्री अंगणात रोझरी म्हणत त्यांची वाट कशी बघायची, आणि मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसायला लागल्या. देवाशी भांडण ज्या भाषेत केलं त्याच भाषेत साक्ष येते, मला तरी.

श्रीरामपूरकडून

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. माझी बायको कॅन्सरने गेली. उपास केले, मंडळी रात्र रात्र प्रार्थनेला बसली, आणि ती गेली. त्यानंतर मला कोणी साक्षीला बोलावलं नाही, बरं झालेल्यांनाच बोलावतात, लोकांना वाटत असेल की मला त्रास होईल. पण माझी साक्ष आहे. शेवटच्या आठवड्यात तिला बोलता येत नव्हतं, मी तेविसावं स्तोत्र वाचायचो आणि "तू माझ्याबरोबर आहेस" आलं की ती बोटाने चादरीवर दोनदा टकटक करायची, रोज, त्याच जागी. शेवटच्या दिवशी पण केली. बरं झालं नाही तरी तो तिथे होता, हे मी पाहिलंय. या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं की मी उठणार आहे.