प्रतिसाद: लाकडी घरं म्हणजे जंगलतोडच का?

लाकडाची घरं बांधणाऱ्या कंपनीनं पर्यावरणावर बोलणं म्हणजे मांजरानं शिंक्याची राखण करणं, असं वर कुणीतरी लिहिलंय. वाक्य झकास आहे, पण सुमितोमो फॉरेस्ट्री या लाकडी घरं बांधणाऱ्या जपानी कंपनीची गोष्ट जरा वेगळी आहे.

या कंपनीचं मूळ १६९१ साली जपानच्या शिकोकू बेटावर सुरू झालेल्या बेस्शीच्या तांब्याच्या खाणीत. खाणीला टेकू हवेत, भट्टीला कोळसा हवा, म्हणून झाडं तोडली. उरलेली भट्टीच्या धुरानं मेली. डोंगर बोडके झाले. १८९४ मध्ये तेइगो इबा या व्यवस्थापकानं मोठी लागवड सुरू केली. म्हणजे आधी पाप, मग प्रायश्चित्त. पण प्रायश्चित्त खरं होतं, आज तिथे दाट झाडी आहे.

शिवाय जपानचं दुखणं उलटं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सुगी आणि हिनोकी हे सूचिपर्णी वृक्ष बेसुमार लावले, १९६४ मध्ये लाकडाची आयात खुली झाली आणि स्वस्त परदेशी लाकडापुढे ही झाडं कापणं परवडेना. विरळणी न झालेल्या सुगीच्या रानात भरदुपारी अंधार असतो, खाली गवताचं पातं नाही. (वसंतात परागकणांनी अर्धा देश शिंकत असतो ते वेगळंच!) तिथे झाड कापून नवं लावणं हीच रानाची निगा.

३५० मीटर उंच लाकडी इमारतीची सुमितोमोची २०१८ ची घोषणा मात्र मला जाहिरातच जास्त वाटते. एकूणच या धंद्यात कुणालाही विचारायचा प्रश्न साधा आहे: खांब देशी असतील, पण प्लायवूड मलेशियातल्या सारावाकच्या कुठल्या रानातलं?